परवाचे दार

खेळ : सात कुलपांचा गड. मत देणारा : सन्मती बोंगाळे, इचलकरंजी. तारे : पाचपैकी दोन.

‘चित्रे छान आहेत. पहिली चार कुलपे डोक्याला खुराक देतात. पाचव्या कुलपाशी मात्र खेळाडूची फसवणूक आहे. दारावरच्या म्हाताऱ्याला काहीही विचारा, तो एकच शब्द बोलतो : परवा. मी एकशे अठरा दिवस रोज गेलो. दार बंद. संगणकाची तारीख बदलली की दार उघडते, असे इथे काही जण लिहितात. ते मला मान्य नाही. खेळाचे कुलूप खेळातच उघडले पाहिजे. खेळ करणारीने उत्तर सांगू नये. मी काढीन.’

हे मत १४ ऑक्टोबर २००९ रोजी ‘खेळकट्टा’ या संकेतस्थळावर नोंदवले गेले. खेळ करणारी म्हणजे सन्मतीची सख्खी थोरली बहीण हेमांगी. पाच दिवसांनी भाऊबीज होती. ती त्या वर्षी झाली नाही.

हेमांगी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तंत्रनिकेतनात संगणक शिकवायची आणि संध्याकाळी घरी बसून एकटीच हा खेळ रचायची. धुक्यातला गड, सात दारे, प्रत्येक दाराला एक कोडे आणि प्रत्येक कोडे एखाद्या मराठी शब्दावर बेतलेले. तिने तीनशे सीड्या काढल्या. त्यांच्या नकला होत होत खेळ कुठल्या कुठे पोचला. सन्मती तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. गावभागात त्याचे आठ संगणकांचे नेट कॅफे होते. शेजारच्या यंत्रमागांची खटखट भिंतीतून आत यायची. सकाळी दुकान उघडायचे, उदबत्ती लावायची आणि गिऱ्हाईक येण्याआधी गडावर एक चक्कर मारायची, हा त्याचा क्रम. दुकानाला सुट्टी नसे.

“दोन तारे?” हेमांगीने त्याला कॅफेत जाऊन विचारले होते. “जगाला दिसतील असे?”

“मत आहे माझं.”

“बहिणीच्या खेळाला?”

“खेळाला दोन. बहिणीला पाच.”

तिला हसू आले नाही. चार महिन्यांनी अबोला सुटला, पण सन्मतीने मत बदलले नाही आणि तो खेळ पुन्हा उघडलाही नाही. पुढे कॅफे बंद झाले, त्याचे लग्न झाले, त्याने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले. घरी जेवताना कधीतरी ती विचारायची, “काय, उघडलं का दार?” तो म्हणायचा, “सांगू नकोस.” २०२७ साली, बेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. तोवर सीड्यांचे पापुद्रे सुटले होते. मूळ प्रोग्रॅम ज्या संगणकात होता, तो एका पुराच्या पाण्यात तीन दिवस बुडून राहिला होता. सात कुलपांचा गड जगात कुठेच उरला नव्हता.

उरली होती ती फक्त त्याच्याविषयीची मते.

*

२०४३ च्या फेब्रुवारीत हेमांगीला पुण्याहून फोन आला. ती आता निवृत्त होती. इचलकरंजीच्या घरात वरच्या मजल्यावर ती राहायची, खालच्या मजल्यावर सन्मतीची बायको पद्मजा.

“ताई, इरफान मुजावर बोलतोय. जुन्या संगणकखेळांच्या अभिलेखागारातून. मी आपल्या गावचाच. सन्मतीदादांच्या कॅफेत तीन नंबरला बसायचो.”

“तीन नंबरचा माउस कधी चालायचा नाही.”

“तो मीच बिघडवला होता.”

इरफान पंचेचाळीस वर्षांचा होता आणि हरवलेले खेळ परत उभे करणे हे त्याचे काम होते. ज्या खेळाचा एकही तुकडा शिल्लक नाही, तो केवळ खेळणाऱ्यांच्या मतांवरून उभा करण्याची रीत गेल्या पाच वर्षांत निघाली होती. इरफानने ती हेमांगीला पडद्यावर चित्रे दाखवून समजावली.

एखादी वस्तू आपल्याला दिसत नाही, पण वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकल्यावर पडणाऱ्या तिच्या सावल्या दिसतात, असे समजा. एका सावलीवरून काहीच कळत नाही. हजार सावल्या जमल्या, की त्या सगळ्या जिच्या पडू शकतील अशी वस्तू एकच उरते. रुग्णालयातले यंत्र शरीराच्या आतले चित्र साधारण असेच काढते. खेळाविषयीचे मत ही खेळाची सावली. कोणी लिहितो, ‘तिसऱ्या दारापाशी कंटाळा आला.’ कोणी लिहितो, ‘विहिरीत उतरताना घाबरलो.’ खेळकट्ट्यावर गडाविषयी अशी एक हजार एकशे त्रेचाळीस जणांची मते होती.

पण सावली पडायला उजेड लागतो, तसे मत पडायला माणूस लागतो. म्हणून यंत्र आधी माणसे तयार करी. त्या संकेतस्थळावर एखाद्याने जे जे लिहिले असेल त्यावरून तो कसा खेळतो, कुठे अडतो, कशाला वैतागतो, याचा एक खेळाडू बनवी. मग खेळाचा एक अंदाजी नमुना रची आणि सगळ्या खेळाडूंना तो खेळायला लावी. प्रत्येकाने खेळून दिलेले मत त्याच्या खऱ्या मताशी जुळवून पाही. जुळले नाही, की नमुना मोडून दुसरा. अशा लाखो फेऱ्या झाल्या, की मते जुळू लागतात. शंभरात अठ्ठ्याण्णव जुळली, की हरवलेला खेळ सापडला असे मानायचे.

“सहा कुलपं जमलीत,” इरफान म्हणाला. “सहाव्या-सातव्याबद्दल पुढं गेलेल्यांनी पुष्कळ लिहिलंय. पाचव्याला यंत्राने एकेचाळीस हजार नमुने करून पाहिले. पंचावन्नाच्या वर जुळत नाही. कुणाला बघायचंय का खेळताना? सगळ्यांची नावं आहेत.”

हेमांगीने नाव सांगितले. ती तेच सांगणार हे त्याला माहीत असावे, कारण त्याने शोधायला वेळ लावला नाही.

पडद्यावर गडाची पहिली पायरी आली. धुके तिने काढले होते त्याहून जरा दाट होते. माउसचा बाण आला आणि पायरी चढण्याआधी कोनाड्यातल्या पणतीवर त्याने तीनदा टिचकी मारली. सन्मती असेच करायचा. कधीकधी तेल सापडते, असे त्याने इतर खेळाडूंना लिहूनही कळवले होते. तेल कधीच सापडत नसे, हेमांगीने ते ठेवलेच नव्हते. बाण पहिल्या दाराशी गेला, उजवीकडची कडी आधी ओढली, चुकला, मग डावीकडची. पाचव्या दाराशी म्हाताऱ्यासमोर तो थांबला. पडद्याच्या कडेला खेळाडूचे शेरे उमटत होते. तिथे एक ओळ आली : ‘झालं यांचं सुरू.’

हेमांगीने चष्मा काढून पुसला.

“हा तुमचा भाऊ नाही, ताई,” इरफान हळू आवाजात म्हणाला. “ही त्याची मतं आहेत. मतांना हातपाय लावलेत, एवढंच. तो तुम्हाला ओळखत नाही, तुमच्याशी बोलू शकत नाही.”

“कळतं मला. मी पस्तीस वर्षं संगणक शिकवलाय.”

“तर पाचव्याचं उत्तर तेवढं सांगा. आठवड्यात गड उभा राहतो.”

“आणि मग हे खेळाडू?”

“पुसायचे. कायदाच आहे. माणूस हयात असो नाहीतर गेलेला, त्याच्या मतांवरून केलेला खेळाडू काम संपल्यावर ठेवता येत नाही. काम चालू आहे तोवर ठेवता येतो.”

पडद्यावर बाण म्हाताऱ्याच्या दाढीवर, काठीवर, पायातल्या वहाणांवर फिरत होता.

“आठवत नाही मला,” हेमांगी म्हणाली.

*

कर्ती म्हणून तिला फेऱ्या पाहायची परवानगी मिळाली होती. रोज चार वाजता ती दार लावून बसे. यंत्राने रचलेले नवनवे नमुने येत. एकात म्हाताऱ्याला शब्द उलटा म्हणून दाखवायचा असे, दुसऱ्यात त्याची काठी दोनदा आपटायची असे. सन्मतीचा खेळाडू प्रत्येक नमुन्यात पहिल्यांदाच आल्यासारखा येई आणि पणतीवर तीन टिचक्या मारी. दार उघडले, तर त्याचे मत खऱ्या मताशी जुळत नसे आणि यंत्र तो नमुना मोडून टाकी. उघडले नाही, तर दुसऱ्या कोणाचे तरी मत जुळत नसे. दोन्हीकडून तो पुन्हा पायरीशी येई.

इरफान दर सोमवारी फोन करी. “काही आठवलं?”

“नाही रे.”

तिसऱ्या सोमवारी तो म्हणाला, “ताई, मिरजेचे एक काका मला दर आठवड्याला फोन करतात. बायकोबरोबर हा खेळ खेळायचे. सहाव्या दाराशी दोघं अडले होते. त्या आता अंथरुणाला खिळल्यात. खेळ केव्हा होईल विचारतात.”

“तू काय सांगतोस?”

“सांगतो, बाई आठवतायत.”

तिने फोन ठेवला आणि चार वाजता पुन्हा जाऊन बसली.

चारची वेळ खाली चहाची होती. सन्मती गेल्यापासून सोळा वर्षे हेमांगी आणि पद्मजा तो एकत्र घेत. सहा आठवडे हेमांगी उतरली नाही, तेव्हा मार्चअखेरीला एका दुपारी पद्मजाच कप घेऊन वर आली.

“वन्सं, काय करालाय रोज दार लावून? मला वाटलं पेन्शनचं काही लफडं झालं.”

हेमांगीने तिला खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळे सांगितले. पद्मजा पडद्याकडे पाहत राहिली. बाणाने उजवीकडची कडी ओढली.

“उजवीच ओढणार,” पद्मजा म्हणाली. “घरातलं कपाटबी उजव्या बाजूनंच उघडायला बघायचे, बिजागरी तिकडं असली तरी.”

ती हसली. मग बाण पाचव्या दाराशी आला आणि थांबला. ‘झालं यांचं सुरू’ ही ओळ आली. पद्मजाचे हसू गेले.

“किती वेळा आले असतील हे इथं?”

“साठ हजारांच्या वर.”

“आणि उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.”

हेमांगीने कप बाजूला सरकवला.

“तेव्हा त्यांनी सांगू नको म्हटलं, म्हणून तुम्ही सांगितलं नाही. ते बरोबर होतं. आता कुणी सांगू नको म्हणालंय?” पद्मजाने गार झालेला कप उचलला. “अजून दारातच उभं करून ठेवलंय होय त्यांना. बरं दिसत नाही, वन्सं. घरचा माणूस आहे.”

त्याच संध्याकाळी हेमांगीने इरफानला फोन केला. “उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खोटं बोलले. परवा म्हणजे होऊन गेलेला परवा. संगणकाची तारीख दोन दिवस मागं न्यायची, की दार उघडतं.”

“लिहून घेतो,” इरफान म्हणाला.

रात्रभर फेऱ्या झाल्या. सकाळी जुळणी आली त्रेपन्न. आधीपेक्षाही दोनने कमी.

*

एप्रिलच्या पहिल्या रविवारी इरफान आईला भेटायला गावी आला, तसा बोंगाळ्यांच्या घरीही आला. पद्मजाने खाली चहा ठेवला.

“ताई, राग नका धरू,” तो म्हणाला. “पण उत्तर खरंच हेच आहे ना?”

“माझं कोडं आहे. गड जुना, म्हातारा जुना. पुढं कशाला जायचं? मागंच जायचं.”

“पण निम्म्या लोकांनी लिहिलंय, तारीख दोन दिवस पुढं नेली आणि दार उघडलं. आमच्या वर्गातल्या सुताराने माझ्यासमोर नेली होती.”

“शक्यच नाही.”

“का नाही?” पद्मजा ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. “परवा नळाला पाणी आलं नाही. आता परवा येणार म्हणालेत. दोन्ही परवाच की.”

इरफानने कप खाली ठेवला. “यंत्राचा घोळ तिथंच आहे. त्याच्या आतल्या भाषेत या दोन परवांना दोन वेगळे शब्द आहेत. प्रत्येक मत वाचताना ते ठरवून टाकतं, हा मागचा का पुढचा. आणि कुलपाला किल्ली एकच असते, असं ते धरून चालतं. मागची किल्ली केली, की पुढचे निम्मे लोक खोटे ठरतात. पुढची केली, की मागचे.” त्याने स्वतःकडे बोट दाखवले. “आणि माझं मत तर त्याने टाकूनच दिलंय. मी काहीच केलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“शुक्रवारी दाराशी अडलो. शनिवारी मावशीकडे जयसिंगपूरला गेलो. रविवारी कॅफेत आलो, दार उघडं. असं आणखी आठ जणांनी लिहिलंय. यंत्राने त्याला बिघाड म्हणून बाजूला टाकलं.”

हेमांगी काही वेळ टेबलावर बोटाने आकडे लिहीत राहिली. पहिल्यांदा दाराशी आल्यावर खेळ त्या दिवसाची तारीख लिहून ठेवत असे. पुढच्या प्रत्येक खेपेला आजच्या तारखेतून ती वजा करायची, आणि मग आजची तारीख नव्याने लिहून ठेवायची. उत्तर वजा दोन आले, की दार उघडायचे. कोडे तिने असे रचले होते.

“चौकोन,” ती म्हणाली.

“कसले?”

“वजा आकडा आला, की पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे. तेव्हा मराठी फॉन्टचं सगळं असंच होतं. सीड्या दुसऱ्या दिवशी काढायच्या होत्या. मी वजाचं चिन्हच उडवून टाकलं. फरक दोन आला, की झालं. चौकोन गेले, आणि मी ते विसरून गेले.”

वजा दोन असो की अधिक दोन, दार उघडणार होते. मागे जा, पुढे जा, किंवा काहीच करू नका आणि मध्ये एक दिवस सोडून या. कोडे रचणारीला परवा एकच ठाऊक होता. तिच्या चुकीला दोन्ही ठाऊक होते.

“म्हणजे खेळातच राहूनही उघडत होतं,” इरफान म्हणाला. “तारीख न बदलता. नुसतं परवा यायचं.”

पद्मजा आत गेली आणि देवघराच्या खालच्या खणातून एक कागद घेऊन आली. त्या मताची छापील प्रत सन्मतीने स्वतः जपून ठेवली होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि एका ओळीखाली बोट धरले. मी एकशे अठरा दिवस रोज गेलो.

रोज गेला, म्हणून फरक रोज एकच आला. दुकानाला सुट्टी नव्हती.

“एक दिवस दांडी मारली असती तर,” पद्मजा म्हणाली. तिने कागदाची घडी घातली.

*

तीन किल्ल्या एकत्र घालून नमुना चालवला, तेव्हा जुळणी अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा आली. नियमाप्रमाणे शेवटची एक फेरी व्हायची होती. सगळ्या खेळाडूंनी पुरा खेळ एकदा खेळायचा, मते नोंदवायची आणि मग पुसले जायचे. इरफानने हेमांगीला आदल्या दिवशी फोन केला.

“सन्मतीदादांचा खेळाडू दारातच अडणार आहे, ताई. तो अडला तरच खेळ बरोबर. त्यांचं मत तसं आहे.”

“माहीत आहे.”

“जुळणी झाल्यावर आणखी एक फेरी मला चालवता येते. तपासणीसाठी म्हणून. त्यांच्या खेळाडूत ‘रोज येतो’ असा एक गुण आहे. तो मी ‘दिवसाआड येतो’ असा करू शकतो. एवढाच बदल. दार उघडेल. आत काय आहे ते बघतील.”

पाचव्या दारामागे हेमांगीने एक अंगण काढले होते. त्यात आठ दगडी बाके होती आणि तिसरे बाक जरा मोडके होते. हे कोणाला दाखवायचे म्हणून काढले होते, ते तिने कधीच कोणाला सांगितले नव्हते.

“नको,” ती म्हणाली. “दिवसाआड येणारा तो सन्मती नव्हे.”

फेरी दुसऱ्या दिवशी चार वाजता झाली. दोघी वर बसल्या होत्या, चहा वरच आणला होता. पायरी, पणती, तीन टिचक्या. उजवी कडी. पाचवे दार. खेळातला एक दिवस तीन सेकंदांचा होता. बाण आला, म्हातारा ‘परवा’ म्हणाला, बाण गेला. पुन्हा आला. मध्यंतरी एकदा बाणाने काहीच केले नाही, नुसता दारासमोर थांबून परत गेला. पद्मजा ओठांतल्या ओठांत मोजत होती. एकशे अठराव्या खेपेनंतर मत उमटले. चित्रे छान आहेत. पहिली चार कुलपे डोक्याला खुराक देतात.

“तारे?” पद्मजाने विचारले. तिचा चष्मा खाली राहिला होता.

“दोन.”

“बदलणार नाहीत.”

पडदा रिकामा झाला. मिरजेच्या काकांना त्याच आठवड्यात खेळ पाठवण्यात आला.

मे महिन्यात सात कुलपांचा गड सगळ्यांसाठी खुला झाला. अभिलेखागाराने खेळाखाली खेळकट्ट्यावरची सगळी जुनी मते होती तशी लावली होती. प्रत्येक मताखाली कर्तीच्या उत्तरासाठी एक चौकट होती. ती जुन्या संकेतस्थळावरही होती, आणि हेमांगीने तेव्हा एकाही मताला उत्तर दिले नव्हते. आता ती यादीत खाली खाली गेली, १४ ऑक्टोबर २००९ पर्यंत. त्या एका चौकटीत तिने लिहिले :

‘उद्या येऊ नकोस. परवा ये.’